धुण्याचे पाणी आणि वीस वाफे : एका सेंद्रिय शेतावरच्या गेस्टहाउसचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिकत दोन बहिणींच्या शेतावर घडली. नावे, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. थोरली बहीण तीन हेक्टर जमीन सेंद्रिय पद्धतीने कसते. प्रश्न उभा राहिला तेव्हा तिच्या प्रमाणपत्राला नऊ वर्षे झाली होती. धाकटीने त्याच्या तीन वर्षे आधी शेतातल्या जुन्या घराच्या सहा खोल्या करून पाहुणे घ्यायला सुरुवात केली होती. घर भरले की चौदा माणसे राहतात. मी माती-पाण्याचे काम करतो. या शेतावर मला बोलावले गेले ते वाफ्यांतली रोपे करपू लागल्यावर.

पर्यावरणाच्या बाबतीत या घरात बरेच काही आधीपासून नीट चालले होते. छतावर सूर्यतापाचे पाणीतापक होते, स्वयंपाकघरातला ओला कचरा कंपोस्टच्या ढिगात जात होता, भिंती जाड असल्याने पंख्यांवर भागत होते. त्याबद्दल इथे लिहीत नाही, कारण तिथे काही बिघडले नाही. बिघडले ते दोघींना सर्वांत जास्त अभिमान असलेल्या गोष्टीत.

शेताला आणि खोल्यांना मिळून एकच विहीर. कोरड्या महिन्यांत तिची पातळी इतकी खाली जाते की पंप दिवसातून दोनदा थांबवावा लागतो. म्हणून गेस्टहाउस बांधतानाच ठरले होते की न्हाणीघरांचे आणि कपडे धुण्याचे पाणी वाया घालवायचे नाही. ते जाळीतून गाळून, उताराच्या पाटाने घरालगतच्या वीस भाजीच्या वाफ्यांना आणि सहा संत्र्याच्या झाडांना जात असे. संडासांचे पाणी वेगळ्या नळाने सेप्टिक टँकमध्ये आणि तिथून दूरच्या शोषखड्ड्यात. स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी तेलकट असते, म्हणून तेही वेगळे. ही विभागणी त्यांनी पहिल्या दिवसापासून केली हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे जे काही सावरता आले, ते नळ आधीपासून वेगळे होते म्हणूनच.

गर्दीच्या दिवसांत या पाटाने रोज सुमारे १,१०० लिटर पाणी वाफ्यांत उतरत होते. त्यातले साधारण ७०० लिटर आंघोळीचे, उरलेले वॉशिंग मशीनचे. चादरी, अभ्रे, टॉवेल आणि शेतातले कामाचे कपडे मिळून मशीन रोज चार वेळा लागे.

समस्या

तिसऱ्या कोरड्या हंगामात घेवड्याच्या खालच्या, जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या आणि मग तपकिरी होऊन वाळल्या. कोवळी पाने हिरवीगार. थोरलीला आधी रोग वाटला. तिने पाने काढून जाळली, वाफ्यांना जास्त कंपोस्ट दिले आणि पाणी वाढवले. पाणी अर्थात पाटाचेच. पंधरा दिवसांत संत्र्याच्या पानांची टोकेही पिवळी पडली.

दुसरी खूण मातीत होती. वाफ्यांत पाणी मुरेनासे झाले. आधी दिलेले पाणी अर्ध्या तासात दिसेनासे होई, आता ते संध्याकाळपर्यंत साचून राही. मग वर कडक पापुद्रा धरे. अवेळी आलेल्या एका मोठ्या पावसानंतर तर वाफे चिखलासारखे गिळगिळीत झाले आणि वाळल्यावर दगडासारखे घट्ट. थोरलीचे शब्द होते, "माती वाफशावर येतच नाही. ओली असते तेव्हा चिकट, वाळली की कुदळ लागत नाही. मधली अवस्थाच गेली."

याच सुमारास प्रमाणन संस्थेचा तपासनीस वार्षिक पाहणीसाठी आला. त्याने पाट बघितला आणि एकच प्रश्न विचारला, या पाण्यात काय काय असते? बियाणे, खत, फवारणी या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणाऱ्या घरात या प्रश्नाला उत्तर नव्हते. धाकटीने साबणाच्या पुड्या आणून दाखवल्या. त्यांवर "जैवविघटनशील" असे छापलेले होते. तपासनिसाने घटकांची यादी मागितली आणि पाहुणे स्वतःबरोबर काय आणतात हेही लिहून द्यायला सांगितले. उत्तर येईपर्यंत त्या वीस वाफ्यांतला माल सेंद्रिय म्हणून विकता येणार नव्हता.

दोघींत पहिला खटका इथेच उडाला. "ताई, थेंब थेंब वाचवला त्याचीच शिक्षा का?" असे धाकटीचे म्हणणे. थोरली बराच वेळ गप्प होती. नंतर तिने मला फोन केला.

कारणाचा शोध

गेल्यावर पहिल्यांदा मी घराच्या मागचे लांबचे वाफे पाहिले. तीच माती, तेच बियाणे, तेच कंपोस्ट, पण पाणी थेट विहिरीचे. तिथे घेवडा ठणठणीत होता. फरक एका पाण्याचाच उरला.

मग ढेकळांची साधी चाचणी केली. ऑस्ट्रेलियातील मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी १९६७ मध्ये मातीच्या ढेकळांचे वर्गीकरण मांडले, त्यावरून ती आली आहे. वाटाण्याएवढी वाळलेली ढेकळे एका बशीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद ठेवायची आणि हलवायची नाहीत. दोन तासांनी आणि मग दुसऱ्या दिवशी बघायचे. लांबच्या वाफ्याची ढेकळे फुटली, पण पाणी नितळ राहिले. घरालगतच्या वाफ्याच्या ढेकळांभोवती दोन तासांतच दुधाळ वलय पसरले. चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून पाण्यात तरंगू लागले की असे वलय दिसते, आणि ते सहसा सोडियमचे लक्षण असते. चोपण, म्हणजे सोडियम साचून पाणी न मुरणारी, जमीन होऊ लागल्याची ही घरबसल्या मिळणारी सूचना आहे. या चाचणीला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. पाणी मात्र पावसाचेच हवे, कारण विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वलय लपते. अवेळी पावसानंतरच वाफे का बिघडले, हेही त्यातून उलगडले. क्षारयुक्त सांडपाण्यात सोडियम असूनही कण कसेबसे धरून राहतात. वरून शुद्ध पावसाचे पाणी पडले की ते सुटतात आणि मातीची छिद्रे बुजतात.

प्रयोगशाळेचे अहवाल यायला पाच आठवडे लागले. विहिरीच्या पाण्यात बोरॉन, म्हणजे पिकाला अगदी थोडे लागणारे पण जास्त झाले की पाने करपवणारे मूलद्रव्य, लिटरला ०.१ मिलिग्रॅम, पाटाच्या पाण्यात १.६. सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती हे सांगणारा आकडा, विहिरीला दोनच्या आत, पाटाला ८. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची सिंचनाच्या पाण्यावरची पुस्तिका क्रमांक २९ (१९८५ची सुधारित आवृत्ती) ०.७ मिलिग्रॅमपर्यंतचे बोरॉन निर्धोक धरते. त्याच पुस्तिकेत संत्रे ०.५ ते ०.७५ आणि घेवडा ०.७५ ते १ मिलिग्रॅम या नाजूक गटांत आहेत. हे आकडे मातीतल्या पाण्याचे आहेत आणि झाडे पाणी शोषून घेतात तसा मातीतला द्रव आणखी घट्ट होतो, म्हणजे वाफ्यातली स्थिती पाटापेक्षा वाईटच असणार.

हे सगळे येत कुठून होते? धुण्याच्या खोलीत बसून आम्ही तिघांनी एका दिवसाचा हिशेब मांडला. सोडियम दोन वाटांनी येत होता, रोजची ३०० ग्रॅम धुण्याची पावडर आणि १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. सोड्याच्या वजनात सोडियमच ४३ टक्के असतो. पावडरीत भर म्हणून घातलेले सोडियम सल्फेट आणि सोडाच बराच असतो. दोन्ही मिळून दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर सोडियम वाफ्यांत जात होता आणि चार महिन्यांच्या हंगामात बारा किलोंच्या आसपास.

बोरॉनचा उगम मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. डागांसाठी धाकटी रोज एक मोठा चमचा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, वापरत होती. ब्लीच आणि सुवासिक रसायने नकोत, खनिज आहे, नैसर्गिक आहे, म्हणून तिने तो मुद्दाम निवडला होता. १५ ग्रॅम टाकणखारात सुमारे १.७ ग्रॅम बोरॉन असते. ते १,१०० लिटरमध्ये पसरले की लिटरला दीड मिलिग्रॅमच्या थोडे वर जाते. त्यात विहिरीचे ०.१ मिळवा. कागदावरची बेरीज अहवालाशी जुळली तेव्हा धाकटीचे डोळे भरून आले. तिची निवड चुकीच्या हेतूने झालेली नव्हती. कपड्यांसाठी सौम्य असलेली वस्तू मातीला सौम्य असेलच असे नाही, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते.

"जैवविघटनशील" या शब्दाचाही इथे खुलासा करायला हवा. जिवाणू साबणाचा सेंद्रिय भाग फोडून खातात, एवढेच तो शब्द सांगतो. सोडियम आणि बोरॉन ही मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत, फुटत नाहीत, जिथे पडतील तिथे साचतात. नदीत सोडलेल्या पाण्याबद्दल तो शब्द काही अर्थ राखतो. बंद वाफ्यात रोज मुरणाऱ्या पाण्याबद्दल त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सरळ होता, सगळे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडायचे. माती लगेच सुटली असती. पण कोरड्या महिन्यांत वाफ्यांसाठी रोज हजार लिटर जास्तीचे पाणी विहिरीतून काढावे लागले असते, आणि तेवढे त्या विहिरीत नव्हते.

दुसरा, कपडे बाहेर धुवायला द्यायचे. थोरलीने तो एका वाक्यात उडवला, "आपला सोडा दुसऱ्याच्या ओढ्यात घालून आपण सेंद्रिय कसे राहणार?" हिशेबाने बघितले तर मोठ्या धुलाईत पाणी आणि पावडर दोन्ही कमी लागू शकतात, त्यामुळे हा पर्याय मी इतक्या लवकर सोडला नसता. पण घर त्यांचे, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य होते.

तिसऱ्या पर्यायात जवळजवळ पैसे अडकले असते. एका ठेकेदाराने वनस्पतींच्या गाळणीचा आराखडा आणून दिला होता. खडी भरलेले लांब कुंड, त्यात कर्दळ आणि पाणकणीस, एका टोकाने सांडपाणी आत, दुसऱ्या टोकाने नितळ पाणी बाहेर. ही पद्धत चांगली आहे. जर्मनीत केथे झायडेल यांनी १९५०च्या दशकात पाणवनस्पतींवर जे प्रयोग सुरू केले, त्यातून ती वाढली. सांडपाण्यातला गाळ, सेंद्रिय घाण, दुर्गंधी आणि बरेचसे रोगजंतू ती कमी करते. धाकटीला ते कुंड मनापासून आवडले होते. पाहुण्यांना दाखवता येण्यासारखे काहीतरी होते ते. मात्र विरघळलेला सोडियम आणि बोरॉन अशा कुंडातून जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो. झाडे पाणी पिऊन हवेत सोडतात, त्यामुळे उलट तो थोडा घट्ट होऊनच निघतो. इथला त्रास क्षारांचा होता आणि इलाज जंतूंचा. आजार रेड्याला, औषध पखालीला. आराखडा परत पाठवला.

चौथा, उगमावर उपाय. टाकणखार आणि सोडा बंद करायचे, पोटॅशियमवर आधारित द्रव साबण आणायचा, पाहुण्यांना साबण-शाम्पू घरचेच द्यायचे. पोटॅशियम हे पिकाचे अन्न आहे आणि मातीचे कण सोडियमइतके फोडत नाही. प्रश्न एवढाच की पाहुण्यांच्या पिशवीतल्या वस्तूंवर आपला ताबा नसतो.

पाचवा, धुणेच कमी करायचे.

निर्णय आणि कृती

निवडले ते चौथ्या-पाचव्याचे मिश्रण आणि पहिल्याचा एक तुकडा. पण क्रम महत्त्वाचा आहे आणि त्यात माझीही चूक आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

ढेकळांची चाचणी झाली त्याच दिवशी पाट बंद करायला हवा होता. मी अहवाल येईपर्यंत थांबा असे सांगितले, कारण पुराव्याशिवाय वाफे कोरडे ठेवायला सांगणे मला धोक्याचे वाटले. त्या पाच आठवड्यांत आणखी चार किलो सोडियम आणि पन्नास-साठ ग्रॅम बोरॉन जमिनीत गेले. खालच्या टोकाचे चार वाफे आजही पूर्ण सुधारलेले नाहीत, आणि त्यात या पाच आठवड्यांचा वाटा आहे.

अहवालानंतर पहिल्याच दिवशी मशीनच्या नळावर तीन तोंडांची चावी बसवली. मशीनचे पाणी आता शोषखड्ड्याकडे किंवा वाऱ्याच्या आडोशासाठी लावलेल्या झाडांच्या रांगेकडे, वाफ्यांकडे कधीच नाही. आंघोळीचे पाणी संत्र्यांपासून तोडून त्याच रांगेच्या आळ्यांत, जाड आच्छादनाखाली सोडले. आच्छादनाखाली सोडल्याने पाणी उघडे राहत नाही आणि मुलांच्या पायाखाली येत नाही. साठवण एका दिवसापेक्षा जास्त नाही, कारण असे पाणी साठले की लगेच कुजते.

वीस वाफ्यांना फक्त विहिरीचे पाणी, हा निर्णय थोरलीने घेतला आणि त्यावर ती अडून राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांडपाणी, मैला आणि न्हाणी-धुण्याचे पाणी शेतीत सुरक्षितपणे कसे वापरावे यावर मार्गदर्शिका काढल्या. त्यांचा चौथा खंड मैला आणि अशा पाण्यावर आहे. अमेरिकेतील अॅरिझोना राज्य घरगुती वापरासाठी हे पाणी सढळ हाताने वापरू देते, पण जमिनीच्या वरून सोडायचे तर खाद्य झाडांमध्ये फक्त लिंबूवर्गीय आणि कवचफळांच्या झाडांनाच. पालेभाजी आणि कंद यांच्यापासून ते दूर ठेवण्यामागे जंतूंचे कारण आहे. आमचे कारण क्षारांचे होते, पण सल्ला तोच निघाला. लिंबूवर्गीय झाडांना तिथे मुभा असली तरी बोरॉन असेल तर तीच झाडेही करपतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

जमिनीला जिप्सम दिले, माती तपासणीनुसार चौरस मीटरला साधारण अर्धा किलो. त्यातले कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला हुसकावते, पण हुसकावलेला सोडियम खाली वाहून जायला पाणी लागते. म्हणून जिप्सम पावसाच्या तोंडावर पसरले आणि चर खोदून निचरा मोकळा केला. वाफ्यांत लसूणघास पेरले. त्याची मुळे खोल जातात आणि ते ४ ते ६ मिलिग्रॅम बोरॉनही सोसते. बोरॉनवर जिप्समचा इलाज नाही. ते मुरणाऱ्या पाण्याबरोबरच, आणि सोडियमपेक्षा सावकाश, खाली जाते.

प्रमाणपत्राबद्दल दोघींचे मत पुन्हा वेगळे पडले. बोरॉन हे मुळात पिकाचे सूक्ष्म अन्नद्रव्य आहे आणि अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कमतरता सिद्ध झाली तर ते द्यायला परवानगीही मिळते. धाकटीचे म्हणणे होते, तेवढे दाखवून वाफे सोडवून घेऊ. थोरली म्हणाली, "कमतरता कुठे होती? आणि पावडरीतल्या बाकीच्या रसायनांचे काय?" त्या नियमांत बंदी असलेला पदार्थ पडल्यावर कापणीपर्यंत तीन वर्षे जावी लागतात. संस्थेने तेवढे मागितलेले नसताना तिने स्वतः पत्र लिहून वीस वाफे तीन वर्षांसाठी प्रमाणपत्रातून बाहेर काढले. मला हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय वाटतो. त्याने उत्पन्न घटले, आणि बहिणींत आठवडाभर अबोला राहिला.

पाहुण्यांना सांगायचे की नाही, हाही प्रश्न होता. "जाहिरातीत सेंद्रिय लिहिलंय, आणि आता भिंतीवर लावायचं की आमचे वाफे बिघडले?" धाकटीची भीती खोटी नव्हती. शेवटी तिनेच पत्रक लिहिले आणि प्रत्येक खोलीत ठेवले. त्यात काय घडले, कोणते पाणी कुठे जाते आणि न्हाणीघरात घरचाच साबण का ठेवला आहे, हे सहा ओळींत होते. टॉवेलांसाठी तिने एक उमेदीचे वाक्य घातले, या खोलीत राहून गेलेले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात. त्यामागे २००८ मध्ये गोल्डस्टीन, सियाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी प्रसिद्ध केलेला हॉटेलातला अभ्यास होता. नुसती पर्यावरणाची हाक दिल्यावर टॉवेल पुन्हा वापरणारे ३७.२ टक्के होते, तर याच खोलीतले बहुतेक पाहुणे वापरतात असे सांगितल्यावर ४९.३. मी तिला एकच अट घातली, वाक्य आधी खरे झाले पाहिजे. म्हणून एक महिना मोजणी करून, निम्म्याहून जास्त पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात हे पाहूनच ती ओळ छापली.

मग आली सहाव्या खोलीची गोष्ट. एका पाहुणीला त्वचेच्या विकारासाठी डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू वापरणे भाग होते. तिने पत्रक वाचून स्वतःहून विचारले, मी आंघोळ कुठे करू? धाकटीला काय उत्तर द्यावे कळेना. औषध वापरू नका असे कोणत्याही पाहुण्याला सांगता येत नाही, आणि कोणी लाजून न सांगता वापरले तर तेही कळणार नाही. तो दिवस उजाडेपर्यंत आमची सगळी योजना पाहुण्यांच्या सहकार्यावर उभी होती. त्यानंतर सहाव्या खोलीच्या न्हाणीघराचा नळ कायमचा शोषखड्ड्याला जोडला. आरक्षण करतानाच विचारले जाते, स्वतःची औषधे, केसांचा रंग किंवा त्वचेची उत्पादने वापरणार असाल तर ही खोली घ्या. कारण विचारले जात नाही.

शेवटची कृती कागदाची. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची वही सुरू झाली. त्यात वस्तूचे नाव, घटक, महिन्याची खरेदी आणि तो नळ कुठे जातो हे असते. तीन नळांवर मीटर बसले. तपासनीस पुढच्या वर्षी आला तेव्हा त्याने सर्वांत आधी ही वही मागितली.

काय निष्पन्न झाले

दोन पावसाळ्यांनंतर आंघोळीच्या पाण्यात बोरॉन ०.२ मिलिग्रॅमवर आले. मशीन चारवरून दोन, गर्दीत तीन वेळांवर आले. त्यात टॉवेलांच्या ओळीचा वाटा आहेच, पण मोठा वाटा एका साध्या नियमाचा आहे. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर चादर मधे बदलायची नाही. वीसपैकी सोळा वाफ्यांच्या ढेकळांभोवती आता वलय उठत नाही.

सहा संत्र्यांपैकी चार सावरली. एक अजून रोगट दिसते, एक तोडावे लागले.

पत्रकामुळे काही पाहुणे दुरावले असतील, त्याची मोजणी करता आलेली नाही. दोन आरक्षणे रद्द झाल्याचे धाकटीला आठवते. उलट काही जण आता पाट कुठे तोडला, चावी कशी बसवली हे बघायला मागतात आणि ती ते दाखवते. ठळक तोटा वेगळा आहे. वाफ्यांना विहिरीचे पाणी द्यावे लागत असल्याने सर्वांत कोरड्या सहा आठवड्यांत दोन खोल्या बंद ठेवाव्या लागतात. हा बदल धाकटीने सुचवला, थोरलीने नाही.

पोटॅशियम साबणाने पांढऱ्या चादरी वर्षभरात करड्या दिसू लागल्या. तक्रारी आल्या. नव्या चादरी न रंगवलेल्या सुताच्या घेतल्या आणि हा प्रश्न मिटला.

वेगळे काय करता आले असते

गेस्टहाउस सुरू होण्याआधीचा मातीचा एकही नमुना नाही. पहिला पाहुणा येण्याआधी वीस वाफ्यांतून माती घेऊन तपासली असती तर बदल पहिल्याच वर्षाअखेर दिसला असता. लांबच्या वाफ्यांशी तुलना करून आम्ही निभावले, पण ते नशिबाने हाताशी होते.

सांडपाणी शेतात घेण्याचे ठरले तेव्हाच धुण्याच्या खोलीतली प्रत्येक पुडी खतासारखी तपासायला हवी होती. थोरली शेणखत कोणाकडून आले हे विचारते. धाकटी साबण विकत आणत होती आणि तो थेट वाफ्यात जात होता, पण तो "घरचा" माल समजला गेल्याने कोणी विचारले नाही. चूक एवढीच की शेत आणि खोल्या दोन स्वतंत्र कारभार म्हणून चालवले गेले, आणि पाटाने मात्र ते पहिल्याच दिवशी एक केले होते.

आंघोळीचे आणि मशीनचे पाणी आरंभापासून वेगळ्या नळांत ठेवले असते तर चावी बसवायला भिंत फोडावी लागली नसती. बांधकाम सुरू असताना हे जवळजवळ फुकटात झाले असते.

माझ्या बाजूने, बशीतले वलय दिसले तेव्हा मी पाणी बंद करायला सांगायला हवे होते. अहवाल वाट बघू शकत होता, माती बघू शकत नव्हती. आता ढेकळाभोवती वलय उठले की मी पहिल्याच भेटीत चावी फिरवून निघतो.

तीन वर्षांची मुदत येत्या कोरड्या हंगामानंतर संपते. त्याआधी विसाही वाफ्यांतली ढेकळे पुन्हा पावसाच्या पाण्यात घालायची आहेत. खालच्या चार वाफ्यांबद्दल थोरलीने आत्ताच सांगून ठेवले आहे, निकाल काही येवो, तिथे भाजी घ्यायची नाही, लसूणघासच राहील.